खालचं दुखणं

माझ्या टाक्यांचं नाव आमच्या घरात कुणी घेत नव्हतं. सासूबाई त्यांना 'खालचं' म्हणायच्या. "खालचं बरं आहे ना ग?" असं रोज सकाळी विचारायच्या, तेही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत. मीसुद्धा कॅलेंडरकडे बघून "बरं आहे" म्हणायचे. नवऱ्याची तर गोष्टच सोडा. निहार खोलीत यायचा, बाळाची बोटं उघडून बघायचा, माझ्या कपाळावर हात ठेवायचा आणि लॅपटॉप घेऊन हॉलमध्ये जाऊन कॉलला बसायचा.

खरं तर हे सगळं माहेरी, नागपूरला व्हायचं होतं. पहिलं बाळंतपण आईकडेच, असं ठरलेलं. पण सातव्या महिन्यात बाबांची बायपास झाली, आई त्यांच्यापाशी अडकली आणि मिरजेहून सासूबाई आमच्या बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आल्या. सोबत एक पोतं होतं. त्यात बाळंतशेपा, ओवा, वावडिंग, डिंक, खारीक, घरची हळद, तुरटीचा खडा आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लोखंडी शेगडी. मी त्यांना 'अहो आई' म्हणते. आईला जे सांगता येतं ते अहो आईंना सांगता येत नाही. सगळी अडचण त्या 'अहो'ची असते.

मी काही उपकार विसरणारी नाही. प्रसूतीच्या वेळी चिरा द्यावा लागला, त्यापलीकडेही फाटलं होतं, आणि नुसतं बसणं ही शिक्षा झाली होती. अहो आईंनी घरी आल्या आल्या एक पसरट टब मागवला. पाणी उकळून कोमट केलं, कोपर बुडवून पाहिलं आणि म्हणाल्या, "यात बस थोडा वेळ. मी बाहेर आहे." त्या पाण्यात बसले आणि मला रडूच आलं, इतकं बरं वाटलं. लघवीला जाताना वरून कोमट पाण्याची धार धरायची म्हणजे चुरचुरत नाही, हेही त्यांनीच दाराआडून शिकवलं. बाळाला पाजताना कुशीवर कसं निजायचं ते दाखवलं, पोट साफ राहावं म्हणून दुधात तूप घालून दिलं. सख्ख्या आईनं याहून वेगळं काय केलं असतं?

पण मग ती शेगडी बाहेर निघाली. आमच्याकडे बाज कुठली असायला? म्हणून त्यांनी निहारकडून वेताच्या खुर्चीची बैठक कापून घेतली. बाल्कनीत निखारे फुलवायच्या, त्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकायच्या आणि त्या भोकाच्या खुर्चीवर मला बसवायच्या. खालून झळ, वरून गोधडी. एकदा सिक्युरिटीवाला धूर बघून धावत वर आला होता. धुरी झाली की दाराच्या फटीतून हळद-तुरटीची वाटी आत सरकायची. "लावून घे हलक्या हातानं."

"डॉक्टरांनी काही लावू नका सांगितलंय. कोरडं ठेवायला सांगितलंय," मी म्हणायचे.

"मग धुरीनं कोरडंच होतं की."

यावर काय बोलणार, कपाळ? शिवाय बाळंतिणीनं फोन बघितला की डोळे जातात, म्हणून माझा फोन स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीवर. आईशी बोलायचं तरी स्पीकरवर, आणि स्पीकरवर टाक्यांविषयी काय बोलणार?

बारशाच्या आदल्या दिवशी दुखण्याची जात बदलली. आधी नुसतं चुरचुरायचं, उठताना ओढल्यासारखं व्हायचं. आता ते ठणकायला लागलं. एकाच बाजूला, ठोक्याठोक्याला. बदललेल्या कपड्याला वास येत होता, आणि तो वास बाळंतिणीचा नेहमीचा वास नव्हता. मी बाथरूममध्ये छोटा आरसा नेला, वाकून बघायचा प्रयत्न केला, तर घेरी आली. बाहेरून अहो आई म्हणाल्या, "काय ग, फार वेळ लागला?" मी आरसा टॉवेलखाली लपवला. चोरी केल्यासारखी का वागत होते मी, माझं मलाच कळत नव्हतं.

निहारला सांगून पाहिलं. "ठणकतंय रे."

"पेनकिलर घेतलीस का?"

"घेतली."

"मग आईला सांग ना. तिला जास्त कळतं." आणि त्याचा कॉल आला.

बारशाच्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. भाड्यानं आणलेला पाळणा, त्याला झेंडूच्या माळा, टीपॉयवर भेटवस्तूंच्या पिशव्या. दुपारी चारला लोक येणार होते, निहारच्या ऑफिसचे आणि मराठी मंडळातले. अहो आई सकाळपासून पुरणपोळ्या लाटत होत्या. मी खोलीत गोधडीखाली कुडकुडत होते. पंखा बंद, खिडकी बंद, तरी थंडी वाजत होती. मनात म्हणत होते, आजचा दिवस जाऊ दे. उद्या सांगेन. उद्या नक्की.

तेवढ्यात स्वयंपाकघरात माझा फोन वाजला आणि अहो आईंनी तो उचलला. त्यांना भाजीवाल्याकडे आणि लिफ्टमध्ये कानावर पडलेलं कानडी येत होतं आणि ते वापरायची त्यांना हौस होती. मला फक्त त्यांचाच आवाज ऐकू येत होता.

"हां, हेळी... होळिगे? होळिगे चेन्नागिदे! तुंबा चेन्नागिदे!... हां, केंपु, स्वल्प केंपु. तसंच पाहिजे की... इल्ला, इल्ला, फुटली इल्ला. ओंदू फुटली इल्ला!... सरी, सरी. थँक्यू हं."

केंपु म्हणजे लाल. पोळी छान झाली आहे, तांबूस भाजली आहे आणि एकही फुटली नाही, असं त्या कुणाला तरी अभिमानानं सांगत होत्या. खालीच होळिगेचं दुकान आहे. होळिगे म्हणजे पुरणपोळी, हे बेंगळुरूत आठवडाभर राहिलेल्या माणसालाही कळतं.

"कोण होतं?" मी विचारलं.

"तुझ्या हॉस्पिटलमधली पोरगी." त्या दारात आल्या, हाताला पीठ लागलेलं. "बघ किती आपुलकी आहे. बारसं आहे हे लक्षात ठेवून फोन केला. पुरणपोळी कशी झाली म्हणून विचारत होती."

मला ते विचित्र वाटलं. पण डोकं इतकं जड झालं होतं की विचार पुढं सरकेना. हॉस्पिटलला आमच्या पुरणपोळीचं काय पडलंय? असेल काहीतरी, म्हटलं, आणि डोळे मिटले.

जेवणं उरकल्यावर वरच्या मजल्यावरच्या गंगव्वा मदतीला आल्या. त्या मूळच्या सीमेवरच्या अथणीच्या. नवरा रेल्वेतून निवृत्त झाल्यावर के. आर. पुरमचं घर सोडून मुलाकडे राहायला आलेल्या. मराठी आणि कानडी दोन्ही त्यांच्या घरातच. माझ्या खोलीत बसून त्या पाळण्याच्या दोऱ्या गुंडाळत होत्या आणि अहो आई त्यांना फोनची गोष्ट सांगत होत्या, तिखटमीठ लावून.

गंगव्वांचा हात थांबला. "दवाखान्यातनं? होळिगे कसं झालंय विचारलं?"

"मग काय! केंपु आहे का विचारलं, फुटली का विचारलं."

"अवो वैनी," गंगव्वा हळू म्हणाल्या, "ती होळिगे म्हणाली नसंल. होलिगे म्हणाली असंल. होलिगे म्हंजे टाके की वो! पोरीचे टाके कसे हायत, लाल झाल्यात का, उसवल्यात का, असं इचारलं असणार तिनं."

मग मला हसू फुटलं. ओंदू फुटली इल्ला! हसता हसता खालून अशी कळ आली की मी उशीत तोंड खुपसलं आणि ते हसू कधी रडण्यावर गेलं ते कळलंच नाही. गंगव्वांनी माझ्या दंडाला हात लावला आणि मागे घेतला. "वैनी, पोरीचं अंग चटकतंय की."

अहो आईंनी कपाळाला हात लावला, मग गळ्याला. "कधीपासून आहे हा ताप?"

"कालपासून."

"आणि खालचं?"

"ठणकतंय. वास येतोय."

"मग बोलली का नाहीस?"

इतके दिवस तोंडात धरून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं. "कुणाला बोलू? तुम्ही कॅलेंडरशी बोलता! तुमचा मुलगा लॅपटॉपशी बोलतो! फोन माझा, तो डब्यांच्या फळीवर! दवाखान्यातून बिचारीनं फोन केला, तर तिला तुम्ही पोळ्यांचं सांगितलंत!" मी ओरडत होते. बाळ दचकून रडायला लागलं. निहार हॉलमधून धावत आला, एका कानात हेडफोन तसाच.

त्यानं हॉस्पिटलला फोन लावला. नर्स हिंदीत विचारायला लागली, ताप किती, पू आहे का, वास येतोय का. निहारचे कान लाल झाले आणि त्यानं फोन माझ्या हातात दिला. मला सांगता आलं तेवढं सांगितलं.

"किसी ने देखा है?" तिनं विचारलं.

मी अहो आईंकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली होती. "नहीं," मी म्हणाले. "किसी ने नहीं देखा."

"सुबह तो बोला सब ठीक है! अभी के अभी आ जाइए मॅडम. फीवर के साथ रुकना नहीं है. डॉक्टर पाँच बजे निकल जाएँगी."

निहारनं घड्याळ बघितलं, पाळणा बघितला, मग आईकडे बघितलं. "आई, चारला लोक येतायत. पटकन नाव ठेवून निघालो तर? अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे."

मला त्या क्षणी त्याचा एवढा राग आला की हातात काही असतं तर फेकून मारलं असतं. पण अंगात जोर नव्हता. आणि खरं सांगायचं तर मी अहो आई काय म्हणतात त्याची वाट बघत होते. इतक्या पोळ्या, इतकी माणसं, पहिली नात. त्या 'बारसं उरकू' म्हणाल्या असत्या तर मी गप्प पाळण्याशेजारी जाऊन बसले असते, माझी मला खात्री आहे. याचीच मला भीती वाटत होती.

त्यांनी पदराला हात पुसले. "तुम्ही दोघं बाहेर जा," त्या म्हणाल्या, आणि निहार व गंगव्वा बाहेर गेल्यावर कडी लावली. "मला बघू दे."

"तुम्ही नको."

"मग कोण? तो?"

"डॉक्टर बघतील."

"डॉक्टर बघतीलच. पण निघायचं की नाही ते मला आत्ता ठरवायचंय. पाय वर घे, श्वेता."

मी डोळे गच्च मिटले आणि पाय वर घेतले. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. खिडकी उघडल्याचा आवाज आला, उजेड पडला. त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग तो ऐकू येईनासा झाला, म्हणून मी डोळे उघडले. अहो आई गुडघ्यांवर बसून बघत होत्या. तोंडाचा रंग उडाला होता.

"काय आहे?" मी विचारलं.

"सुजलंय. पू आहे. दोन टाके सुटलेत." त्यांनी माझा गाऊन खाली ओढला, अगदी हळू. "आणि मी त्याला धुरी देत बसले."

बाहेर जाऊन त्या निहारला म्हणाल्या, "गाडी काढ."

"आई, पण लोक..."

"लोकांना गंगव्वा पोळ्या वाढतील. बारसं काय, उद्याही होईल. तिला काही झालं तर नाव घेऊन हाक कोण मारणार आहे पोरीला? तू, लॅपटॉपवरून?"

गाडीत मी मागच्या सीटवर एका कुशीवर आडवी झाले, डोकं त्यांच्या मांडीवर. एका हातानं त्यांनी बाळाला धरलं होतं. एक्स्प्रेसवेवर बरं होतं, पण सिल्क बोर्डच्या चौकात उतरलो आणि गाड्या जागच्या जागी थांबल्या. ऊन काचेतून तोंडावर येत होतं आणि माझे दात वाजत होते. बाळ भुकेनं रडायला लागलं, मी पाजायला उठायचा प्रयत्न केला तर डोळ्यांपुढे काळोख आला.

"अरे, त्या बाजूनं घाल की गाडी!" अहो आई ओरडल्या.

"आई, तिकडून बस येतेय."

"मग हॉर्न वाजव. नुसता स्टिअरिंग धरून काय बसलास? आणि तो टँकरवाला, रस्ता काय त्याच्या बापाचा आहे?" काच खाली करून त्यांनी टँकरवाल्याला चक्क मराठीत झापलं. त्याला काय कळलं देव जाणे, पण त्यानं वाट दिली. सिग्नल पुन्हा लाल झाला. निहारनं स्टिअरिंगवर मूठ आपटली. त्याचा मघाचा शहाणपणा पार उतरला होता. मागे वळून माझ्याकडे बघत होता तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते, आणि मला त्याची अजिबात कीव आली नाही.

मला भीती वाटत होती. बाळंतपणात नाही मेले, आता टाक्यांपायी मरते की काय, हा विचार डोक्यातून जाईना. "अहो आई," मी म्हणाले, "मला काही होणार नाही ना?"

त्या 'नाही' म्हणाल्या नाहीत. माझ्या केसांतून हात फिरवत राहिल्या आणि निहारला म्हणाल्या, "घाल पुढं. घाल."

हॉस्पिटलात पोचलो तेव्हा माझ्या डॉक्टर प्रतिमा पर्स खांद्याला लावून निघालेल्याच होत्या. आम्हाला बघून त्यांनी पर्स खुर्चीवर टाकली. तपासताना त्यांच्या कपाळाला आठी पडली. पू आत साठला होता. उरलेले टाके काढून जखम मोकळी करायची, धुवायची, सलाईनमधून अँटिबायोटिक द्यायचं आणि मग ती आतून हळूहळू भरू द्यायची. एक-दोन दिवस दाखल राहावं लागेल. "आज नहीं आते तो इन्फेक्शन खून में जाता," त्या म्हणाल्या. "घर पे क्या किया?"

मी काही बोलायच्या आत अहो आईंनी सगळं सांगितलं. टबातलं पाणी, धुरी, हळद, तुरटी. काही लपवलं नाही.

"टब का गुनगुना पानी अच्छा किया, वो चालू रखिए. कोयला, धुआँ, लेप, सब बंद. और रोज कोई देखे. देखना सबसे ज़रूरी है."

अहो आईंनी मान हलवली. निहारला नर्सनं बाहेर पाठवलं, त्यांना कुणी काही म्हटलं नाही, म्हणून त्या बाळाला घेऊन पडद्याच्या आतच थांबल्या. इंजेक्शन दिलं तरी दुखायचं ते दुखलंच. मी त्यांचा हात धरला. धरला कसला, नखं रुतवली. त्यांनी हात काढून घेतला नाही आणि नजरही वळवली नाही. जखम धुताना शेवटपर्यंत त्या बघत होत्या.

सगळं झालं. माझा ठणका उतरला होता, अंगातून घाम सुटला होता, नर्स ट्रे घेऊन गेली. डॉक्टर हातमोजे काढत होत्या. अहो आई तिथून हलेनात.

"डॉक्टर," त्या त्यांच्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "ये टाके डालेच नहीं, वैसाच छोड़ दिया, तो आगे क्या होता?"

"छोड़ेंगे क्यों? घाव अंदर से भरेगा. ज़रूरत पड़ी तो बाद में देखेंगे. आपकी बहू ठीक हो जाएगी."

"इसका नहीं पूछती."

डॉक्टर थांबल्या. मी मान वळवली.

"मेरा लड़का हुआ तब," अहो आई म्हणाल्या. त्या बाळाकडे बघत होत्या. "घर में हुआ, गाँव में. बहुत फटा था. सासू ने शेगडी दी, हलदी दी. बोली, बाई की जात है, भर जाएगा."

"भरा?"

अहो आईंनी बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग खूप हळू म्हणाल्या, "खाँसी आई तो कपड़ा भीगता है. वजन उठाया तो कुछ नीचे आता है. अब आदत हो गई."

निहार तेहतीस वर्षांचा आहे. पाण्याच्या बादल्या, निखाऱ्यांची शेगडी, भरलेला टब, सगळं त्यांनी उचललं होतं. आणि मी मघाशी त्यांच्यावर ओरडले होते ते बरोबरच होतं, तो राग अजूनही खोटा वाटत नव्हता. पण त्यांच्याजवळ जे होतं तेच त्यांनी मला दिलं होतं, आणि त्यांच्याजवळ तेवढंच होतं.

"आज तक किसी को दिखाया नहीं?" डॉक्टरांनी विचारलं.

"किसको दिखाती?"

डॉक्टरांनी पुन्हा नवे हातमोजे घेतले. "मुझे दिखाइए."

"आज नको. आज हिचं..." अहो आई मराठीतच म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलं. मी नर्सला हाक मारली, तिच्या आधारानं टेबलावरून उतरले, शेजारच्या खाटेवर कुशीवर आडवी झाले आणि बाळासाठी हात पुढे केले.

त्यांनी बाळाला माझ्या कुशीत ठेवलं. दुपटं सारखं करत राहिल्या, गरज नसताना. "निहारला सांगू नकोस," त्या पुटपुटल्या.

"सांगणार आहे," मी म्हणाले.

मग त्यांनी वाकून चपला काढल्या, पदर खोचला आणि टेबलाच्या पायरीवर पाऊल ठेवलं.